मुहय्यो आपाचा सहावा फलक

मार्गिलानच्या बाजारामागे, कालव्याला लागून तोल्किन अकांचा छापखाना आहे. मी तिथे कागद कापते. मुहय्यो आपाचं टेबल खिडकीशी आणि माझं कापायचं यंत्र तिच्या मागे, त्यामुळे इतक्या वर्षांत मला तिचा चेहरा कमी आणि पाठच जास्त दिसली. त्या पाठीवरूनही मला सगळं कळायचं. ताठ असली की नवं काम आलंय. खांदे पुढे झुकले की दुरुस्त्या चालल्यात. मान एका बाजूला कलली की लग्नपत्रिका. बहुतेक दिवस मान कललेलीच असायची.

आमच्याकडे ‘अका’ म्हणजे थोरला भाऊ, ‘आपा’ म्हणजे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीलाही अहो-जाहो करतात, आणि तोंडावर मीही तिला ‘तुम्ही’च म्हणायचे. पण मनातल्या मनात मी तिच्याशी अगं-तुगंच बोलायचे, म्हणून इथेही तसंच सांगते.

आपा इथलीच, पण तरुणपणी ताश्कंदला होती. लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायची. डाळिंब, बगळा, गाढव, चहाची किटली. त्यातल्याच एखाद्या पुस्तकावर मी अक्षरं गिरवली असतील, कोण जाणे. मग तिची आई अंथरुणाला खिळली. भाऊ रशियात बांधकामावर, त्याचा फोन सणासुदीला यायचा तेवढाच. म्हणून आपा परत आली. आई पुढे बरीच वर्षं जगली, आणि ती गेली तोवर ताश्कंदात आपाला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. लग्नाचं वयही त्याच खोलीत, औषधांच्या वासात निघून गेलं. याबद्दल ती कधी बोलली नाही. फक्त एकदा, पत्रिकेवरच्या दोन हंसांच्या चोची जुळवताना म्हणाली, "सनोबर, आजवर मी किती हंसांची लग्नं लावली असतील गं!"

दुपारनंतर तिचे डोळे लाल व्हायचे. डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून ती छताकडे बघत बसायची, आणि गालावरून औषध ओघळत असतानाच मला विचारायची, "मुलीच्या आजोबांचं नाव घालायचं म्हणाले की नको म्हणाले?"

अशा आपाकडे एक दिवस अब्दुवोहिद अका आले. आमच्या भागातल्या सांस्कृतिक भवनाचे ते संचालक. गोल, सदा घाईतला, पण मनाने वाईट नाही असा माणूस. ताश्कंदला कसल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि तिथून एक शब्द बरोबर घेऊन आले होते.

"मुहय्यो, आम्हाला इन्फोग्राफिक हवंय."

"म्हणजे काय हवंय?"

"म्हणजे चित्र, पण माहितीचं. माहिती, पण चित्रातली. माणूस उभ्या उभ्या बघेल आणि पुढच्या खोलीत जायच्या आत त्याला सगळं समजलेलं असेल. दुतारची खोली उघडतोय आपण. दुतारचा सगळा इतिहास! वसंतात प्रांताचे पाहुणे येणार आहेत."

"सगळा इतिहास, उभ्या उभ्या," आपा म्हणाली.

"सहा फलक. माणसाच्या उंचीचे."

मागून मला दिसत होतं. पाठ ताठ झाली होती.

त्या हिवाळ्यात गॅसचा दाब इतका कमी होता की छापखान्यातली शेगडी नुसती निळी दिसायची, ऊब नाही. आपा बोटं कापलेले हातमोजे घालून बसायची. पहिला फलक तिने तुतीच्या झाडाचा केला. आमच्या कालव्याच्या कडेला आहे तसलंच झाड, दर वसंतात रेशमाच्या किड्यांसाठी फांद्या छाटून छाटून माथ्याची मूठ झालेलं. एका बाजूने पान, पानावर किडा, किड्याचा कोष, कोषाचं रेशीम, रेशमाची तार. दुसऱ्या बाजूने खोड, फळी, पातळ पट्ट्या, पट्ट्यांचं गरगरीत पोट. आणि खाली दोन्ही बाजू येऊन मिळतात तिथे दुतार, आमचं दोन तारांचं वाद्य. एकाच झाडाने दोन वाटांनी निघावं आणि खाली येऊन आपलं आपल्यालाच भेटावं, तसं. अक्षरं जवळजवळ नाहीतच.

तोल्किन अका कुठल्याही चित्राकडे मीटरच्या हिशेबाने बघतात. पण तेही थांबले.

"हे मला कळलं," म्हणाले. "न वाचता कळलं."

दुसरा फलक दुतार कसा घडवतात त्याचा. खरबुजाच्या फोडी परत जोडून खरबूज करावं तशा त्या पट्ट्या. तिसरा हातांचा, कारण दुतार नखीने छेडत नाहीत, पाचही बोटं तारांवरून फिरवतात. त्यासाठी आपाने माझे हात बसवले. मला दुतार येत नाही, म्हणून माझ्या हातात लाटणं दिलं.

"बोटं सैल सोड ना. वाजवतेयस तू, पोळ्या लाटत नाहीयेस."

"आपा, आमच्या घरात हे वाद्य फक्त एकाच कामासाठी बाहेर काढतात."

ती हसली. त्या हिवाळ्यात ती तशी हसल्याचं मला दुसरं आठवत नाही, कारण चौथ्या फलकापासून समिती सुरू झाली.

समिती म्हणजे अब्दुवोहिद अका, इतिहासाचे एक निवृत्त मास्तर आणि संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका बाई. दर आठवड्याला तिघं येऊन आपाच्या खुर्चीमागे उभे राहायचे. चौथा फलक काळाचा होता. आपाने ग्रंथालयात बसून जे सापडलं ते मांडलं होतं.

"एवढंच जुनं?" मास्तरांनी विचारलं.

"मला सापडलं ते एवढंच."

"ग्रंथालयात सगळं थोडंच असतं? आणखी मागे न्या."

"किती मागे, मास्तर?"

मास्तरांनी चष्मा वर करून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "फलकावर जागा किती आहे?"

आपाने मागे नेलं, पण आकडा घातला नाही. ‘फार पूर्वी’ असं लिहिलं आणि डोंगर काढले. पुढच्या आठवड्यात मास्तर म्हणाले, डोंगर अलीकडचे वाटतात.

पाचवा नकाशा. त्यात कोणत्या गावचं नाव मोठ्या अक्षरात यावं यावरून मास्तर आणि मुख्याध्यापिका बाई एकमेकांशी बोलेनासे झाले आणि दोघांचे निरोप आपाकडे वेगवेगळे यायला लागले. मग बाईंचं लक्ष नकाशावर काढलेल्या छोट्या मुलींकडे गेलं.

"वेण्या दोनच का? जुन्या काळी चाळीस घालायच्या."

"बाई, इतक्या लहान चित्रात चाळीस दिसणार नाहीत."

"दिसणार नाहीत, पण असायला नकोत का?"

आपाने सगळ्या मुलींना चाळीस चाळीस वेण्या घातल्या. दिवस गेला. संध्याकाळी वीज गेली, आणि वीज परत आली तेव्हा वेण्या नव्हत्या. तिने हातमोजे काढले, हात काखेत धरून गरम केले, आणि पहिल्या मुलीपासून परत सुरुवात केली. मी पाठीमागून विचारलं, चहा देऊ का? ती म्हणाली, "दे. आणि त्या बाईंच्या डोक्यावर किती केस आहेत ते पुढच्या वेळी मोजून ठेव."

सहाव्या फलकाला नाव ठरलं होतं, ‘मार्गिलानच्या दुतार वाजवणाऱ्या बायका’. आपाने तो शेवटी ठेवला होता, कारण खरं म्हणजे तिला तोच करायचा होता. पण करायला काही मिळेना. पुरुष वादकांचे फोटो होते, पदकं लावलेले, खुर्चीवर बसलेले. बायकांचं काहीच नव्हतं. त्या वाजवायच्या ते आतल्या अंगणात, आपसात, लग्नाच्या आदल्या दिवशी, मुलींच्या बैठकीत. आत फोटोवाल्याला कोण येऊ देणार? आपाने फलकावर गोल चौकटींची ओळ काढून ठेवली होती, माणसांची वाट बघत असलेली. रोज सकाळी ती उघडायची, बघायची, बंद करायची.

"आमच्या गल्लीत होसियत खाला आहेत," मी म्हटलं. "तरुणपणी वाजवायच्या. त्यांना विचारा."

खाला ऐंशीच्या पुढच्या. बोटं संधिवाताने मुळांसारखी वाकलेली. दुतार भिंतीवर टांगलेला, त्याला पिशवी शिवलेली. आम्ही गेलो तेव्हा सुनेने चहा, नान आणि सुके जर्दाळू आणून ठेवले आणि ती कामाला निघून गेली. खालांना खूप दिवसांत कुणी मुद्दाम भेटायला आलेलं नव्हतं.

"कशाला हवंय तुला हे, लेकी? दमलेली दिसतेस. आधी खा."

"खाला, कोण कोण वाजवायचं त्या काळी? नावं आठवतात?"

"नावं? होत्या गं पुष्कळ."

"एखादं तरी?"

"एक तिरळ्याची बायको होती. छान वाजवायची."

"तिचं नाव?"

"तिरळ्याची बायकोच म्हणायचो."

असं बराच वेळ चाललं. आपा विचारायची, खाला टाळायच्या, मध्येच झोप लागल्यासारख्या गप्प व्हायच्या. आपाचा आवाज मला ओळखू येत नव्हता. खाली आला होता, विनवणीचा झाला होता. "आणखी काही, खाला? काहीही. तुमच्या आईचं काही?"

खालांनी तिच्या तोंडाकडे बरंच पाहिलं. मग म्हणाल्या, "आई रेशीम गिरणीत होती."

आणि सांगायला लागल्या. उकळत्या पाण्यातून कोष काढून धागा ओढणाऱ्या बायका, हात भाजलेले. जेवणाच्या सुट्टीत त्यांची आई दुतार वाजवायची. एक दिवस तार तुटली. बाजारात तार मिळेना, ते दिवसच तसे. तेव्हा प्रत्येक बाईने आपापल्या कोषाचा एक एक तंतू मुकादमाची नजर चुकवून काढून ठेवला. केसांत लपवून बाहेर आणला. सगळ्यांचे तंतू एकत्र पिळले आणि त्याची तार केली. "त्या तारेत सगळ्या जणी होत्या," खाला म्हणाल्या. "आई वाजवायला लागली की त्या मान खाली घालून बसायच्या. आपला धागा ओळखू येतो का ते ऐकत."

मी रडले. आपा रडली नाही. ती उठली, खालांच्या वाकड्या बोटांना कपाळ लावलं आणि घरी न जाता थेट छापखान्यात आली.

पुढचे दिवस तिने लग्नपत्रिका माझ्यावर टाकल्या आणि सहावा फलक काढला. वाफेत उभ्या असलेल्या बायका, ओळीमागे ओळ. प्रत्येकीच्या हातातून एक धागा निघालेला, दिसेल न दिसेल इतका बारीक. सगळे धागे वर जाऊन एका तारेत शिरतात, आणि ती तार सबंध फलक कापत खालपासून वरपर्यंत गेलेली. चेहरे कुठून आणायचे? तिने आमचेच घेतले. मी आहे त्यात. कोपऱ्यावरची नानवाली आहे. वेण्यांवाल्या मुख्याध्यापिका बाईही आहेत, आणि छान दिसतात. मागच्या ओळीत, वाफेत अर्धी बुडालेली, एक बारीक चणीची म्हातारी आहे. ती आपाची आई. मी ओळखलं.

समिती आली, आणि पहिल्यांदाच कुणी काही म्हणेना. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बाई आपल्या चेहऱ्यापाशी थांबल्या. अब्दुवोहिद अकांनी आपाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"एकही दुरुस्ती नाही," ते म्हणाले.

आपाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी तिला पहिल्यांदा समोरून नीट बघितलं असेन. थकलेली होतीच, पण दिवसभर शेतात राबून घरी परतलेलं माणूस थकतं तशी.

उद्घाटनाला खालांचे गुडघे चालणार नव्हते. म्हणून फलकाची लहान प्रत छापून आम्हीच त्यांच्याकडे घेऊन गेलो. अंगणात ऊन पडलं होतं. खालांनी प्रत मांडीवर घेतली आणि डोळ्यांजवळ नेली.

"कोण गं या?"

"तुमची आई, खाला. आणि गिरणीतल्या बायका. धागे बघा ना."

"कुठली गिरणी?"

"रेशीम गिरणी. तुम्ही सांगितलंत ना, तार तुटली ती गोष्ट."

खालांनी प्रत डोळ्यांपासून दूर केली. मग त्यांच्या तोंडावर एक लाज आली. लहान मुलीच्या तोंडावर येते तशी.

"माझी आई गिरणीत कुठे होती? घरीच असायची. आणि तिला दुतारचा रागच. म्हणायची, पोटाला मिळत नाही अन् टुणटुण कसली करतेस. मी शेजारणीकडे जाऊन चोरून शिकले."

आपाने हळूच विचारलं, "मग ती गोष्ट?"

"कुठे ऐकली होती की मनातच आली, आता आठवत नाही. तू अशी बसली होतीस समोर, आणखी काही, आणखी काही करत. तुला तशीच पाठवायला जीव होईना." खालांनी प्रत तिच्याकडे परत सरकवली. "रागावलीस?"

"नाही, खाला."

"आम्ही काय गं, लग्नघरी बसायचो, वाजवायचो. मग उठून कढया घासायचो. सगळ्या पाहुण्यांच्या कढया. पहाटेपर्यंत हाताला चरबीचा वास. त्यात काढण्यासारखं काय आहे?"

परत येताना आपा माझ्यापुढे चालत होती. कालव्याच्या पुलावर थांबली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "किती सोपं होतं गं ते काढणं. तेव्हाच कळायला हवं होतं."

"आपा, राहू दे ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

अब्दुवोहिद अकांना तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मुहय्यो, पाहुण्यांना कळवून झालंय! सगळ्यांना तोच फलक आवडलाय."

"ते घडलेलं नाही, अका."

"कुठेतरी घडलं असेल. गिरण्या होत्या, बायका होत्या, दुतार होते."

"असेल. पण मला माहीत नाही, आणि फलकावर तर ‘माहिती’ म्हणून लिहिलंय."

"मग खाली लिही, ‘असं सांगतात’."

"कोण सांगतं? एका म्हातारीने एकदाच सांगितलं, तेही मी मागे लागले म्हणून."

शेवटी ते कंटाळून म्हणाले, "बरं. दुसरं काही करून आण. पण लवकर."

तिने केलं. डोळे सुजले होते, थेंबांचा उपयोग होत नव्हता, चित्र नाकाला लावून बघावं लागत होतं. तेच चेहरे घेतले. पण आता वाफ नाही, धागे नाहीत. लग्नघराचं मागचं अंगण, कढयांचा ढीग, बाह्या वर केलेल्या बायका उकिडव्या बसून घासताहेत. भिंतीला दुतार टेकवलेले. एकीने नुकताच ठेवलाय, हात अजून तसाच वळलेला. गोल चौकटी तिने परत आणल्या आणि प्रत्येकीखाली मिळालं ते लिहिलं. तिरळ्याची बायको. कुंभाराची थोरली सून. होसियत. पुष्कळ चौकटींखाली लिहिलं, ‘नाव माहीत नाही’. मला विचाराल तर तो फलक पहिल्याइतका सुंदर नव्हता. घाईत केलेला होता आणि तिच्या डोळ्यांत तेव्हा काही उरलं नव्हतं. पण कढयांना चरबी लागलेली दिसत होती.

अब्दुवोहिद अकांनी तो पाहिला आणि खुर्ची ओढून बसले.

"प्रांताच्या पाहुण्यांपुढे मी खरकटी भांडी टांगू?"

"त्या वाजवून झाल्यावर हेच करायच्या."

"मग वाजवताना दाखव ना! आणि हे ‘नाव माहीत नाही, नाव माहीत नाही’. लोक म्हणतील, भवनाला काहीच माहीत नाही."

"नाहीच आहे, अका."

ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मला वाटतं तेही दमले होते. मग उठले, आणि जाताना तोल्किन अकांशी दाराबाहेर काहीतरी बोलले. धाग्यांच्या फलकाची फाइल तोल्किन अकांकडे होतीच.

मोठे फलक छापून आले तेव्हा सहावा तोच होता. खाली बारीक अक्षरांत ‘असं सांगतात’. आपाने गुंडाळी उलगडून पाहिली. मला वाटलं, फाडेल. पण तिच्यात तेवढंही बळ नव्हतं. तिने खालच्या कोपऱ्यातल्या आपल्या नावावर बोट ठेवलं.

"सनोबर, कडा कापायच्यात ना तुला? इथून काप."

"आपा, पहिल्या पाचांवर राहू दे ना नाव."

"पाचांवर राहू दे. यावरचं काप."

मी दोन बोटं जास्त कापलं. नाव गेलं, आणि त्याबरोबर पुढच्या ओळीतल्या बायकांची पावलंही थोडी गेली. त्याला इलाज नव्हता.

उद्घाटनाला लांब तुताऱ्यांसारखे कर्नाय वाजले, पाहुणे आले, सगळ्यांना अत्लसचे रेशमी झगे घातले. पहिल्या पाच फलकांपुढून माणसं चालत गेली. सहाव्यापुढे थांबली. एका पाहुण्याने डोळे टिपले. संगीतशाळेच्या मुलींनी ती गोष्ट पाठ केली होती, एकेकीने एकेक वाक्य म्हटलं. आपा मागे खांबाला टेकून उभी होती. ओश, म्हणजे आमचा पुलाव, वाढायला घेतला तेव्हा मी तिला शोधलं, तर ती निघून गेली होती.

कढयांचा फलक मी तोल्किन अकांच्या मागे लागून उरलेल्या कापडावर छापून घेतला. ते म्हणाले, "घे, पण मला विचारलं असं सांगू नकोस." आपा तो खालांकडे घेऊन गेली. खालांनी स्वतःला लगेच ओळखलं.

"माझी कंबर एवढी जाड नव्हती गं."

"बारीक करून देऊ?"

"नको, असू दे. आता कोण बघतंय." मग एका चौकटीवर वाकडं बोट ठेवलं. "हिचं नाव बहुतेक ओयदिन होतं. बहुतेक हं. नाहीतर परत काढत बसशील."

आपाने पेन काढून ‘नाव माहीत नाही’च्या वर लिहिलं, ओयदिन, बहुतेक. त्या वसंतात पाऊस लांबला तेव्हा खालांच्या सुनेने तोच फलक जळणावर झाकायला घेतला. चांगलं जाड कापड होतं. खालांनाही त्यात काही गैर वाटलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी खाला गेल्या.

दुतारच्या खोलीत माहिती सांगायला भवनाने दुर्दोना नावाची मुलगी ठेवली होती. तीच त्या उन्हाळ्यात स्वतःची लग्नपत्रिका करायला आमच्याकडे आली. नमुने चाळता चाळता थांबली.

"आपा, एक विचारू? ती धाग्यांची गोष्ट खरी आहे ना? एका पाहुणीने विचारलं, गिरणी कुठली, साल कुठलं. मला सांगता येईना."

"खरी नाही," आपा म्हणाली.

मुलगी गोंधळली. "मग मी काय सांगू?"

"तुतीच्या झाडाचं सांग. ते सगळं खरं आहे."

"त्याच्यापुढे कुणी थांबत नाही, आपा. झाड बघतात आणि पुढे जातात."

"माहितीये मला," आपा म्हणाली, आणि नमुन्यांचं पान उलटून तिच्यापुढे धरलं. "अक्षरं सोनेरी हवीत की लाल?"

शरद ऋतूत माझी नणंद कोकंदहून आली, तेव्हा मी तिला ती खोली दाखवायला नेलं. दुर्दोना आता लग्न झालेली, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात काठी घेऊन सांगत होती. सहाव्या फलकापाशी तिने सगळी गोष्ट सांगितली, तंतू केसांत लपवून आणल्याचीही. शेवटी "असं सांगतात" म्हणाली. मग मी दिसले. तिने काठी खाली केली, घसा साफ केला, आणि म्हणाली, "चित्र काढणाऱ्या आपा म्हणतात, बायका लग्नात वाजवायच्या आणि मग भांडी घासायच्या." लोक हसले. माझी नणंद हसली नाही. ती म्हणाली, "आमच्याकडेही तसंच." मग सगळे पुढच्या खोलीत गेले.

आपाला मी हे सांगायचं ठरवून छापखान्यात आले होते, पण तेव्हा तिच्यापुढे नवीन काम होतं. अब्दुवोहिद अकांचा शब्द आता गावभर झाला आहे आणि सगळ्यांनाच इन्फोग्राफिक हवंय. हे दवाखान्याचं होतं. हात कसे धुवावेत. पाण्याखालचे हात, साबणाचे हात, एकमेकांत बोटं घातलेले हात. ते माझेच हात होते, लाटणं धरलेले, तिने जुन्या फाइलीतून घेतलेले. दवाखान्याच्या समितीचे तिघं तिच्या खुर्चीमागे उभे होते आणि त्यातला एक म्हणत होता की हात जरा आणखी आनंदी दिसायला हवेत.

"आनंदी," आपा म्हणाली. खांदे पुढे झुकलेले होते. "बघते."

मी यंत्र सुरू केलं आणि कागद कापायला लागले.